गाठोडं उघडल्यावर

मागच्या अंकात मी पुरानंतरच्या एका छावणीतल्या गोदामाबद्दल लहानसं टिपण लिहिलं होतं. आलेलं सामान उतरवून घ्यायचं, मोजायचं, नोंदवायचं आणि वाटपाला काढून द्यायचं, हे काम मी ११ वर्षं केलं. संकटं निरनिराळी, जागा निरनिराळ्या, काम तेच. न मागता आलेले जुन्या कपड्यांचे ढीग मदतीच्या कामात अडथळाच होतात, असं त्या टिपणात मी जरा स्पष्ट लिहिलं होतं आणि त्यावर बरीच पत्रं आली. काही दुखावलेल्या मनानं लिहिलेली आहेत. मला ती जवळची वाटली, कारण ज्याला कुणाचं काही पडलेलं नसतं तो दुखावतही नाही. पाच पत्रं इथे घेते.

ताई, भूकंपाच्या बातम्या पाहून आम्ही मैत्रिणींनी आठवडाभर दारोदार फिरून कपडे गोळा केले. धुतले, घड्या घातल्या, नऊ मोठी गाठोडी बांधली. संस्थेच्या माणसानं ती उघडूनही पाहिली नाहीत. "पैसे देता आले तर द्या," एवढंच म्हणाला. आमच्या मेहनतीला काहीच किंमत नाही का? आणि नुसते पैसे टाकण्यापेक्षा वस्तू देण्यात जास्त माया नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका

बाई, त्या माणसानं तुम्हाला बसवायला हवं होतं, दोन शब्द नीट बोलायला हवे होते. तिथे तो चुकलाच. नकार मात्र बरोबर होता. का, ते गोदामाच्या आतून सांगते.

पुरानंतरचा चौथा दिवस होता. छावणीत यायला रस्ता एकच आणि तोही एका बाजूनं खचलेला. आम्ही पाण्याच्या टाक्यांची आणि क्लोरीनच्या गोळ्यांची वाट पाहत होतो. संध्याकाळी तीन ट्रक आले, तिन्ही कपड्यांचे. आभाळ भरून आलेलं, म्हणून गाठोडी आत घ्यावी लागली आणि त्यांना जागा करायला ताडपत्र्या बाहेर काढाव्या लागल्या. पुढचे दोन दिवस माझी आठ माणसं फक्त कपडे निवडत बसली. एक गाठोडं मी स्वतः सोडलं. वरच बाळाचे कपडे होते, इस्त्री केलेले, आणि एका खिशात चिठ्ठी: 'माझ्या मुलाचे आहेत. तुमच्या बाळाला नीट होवोत.' त्याच्याखाली लोकरीचा जाड कोट, अंगाला घाम चिकटत असलेल्या त्या उकाड्यात. मग उंच टाचेचा एकच बूट. मग कुणाचे तरी वापरलेले आतले कपडे. ती चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून बसले. ते इवलेसे कपडे एका बाळापर्यंत पोहोचायला नववा दिवस उजाडला आणि तोवर बाकीच्या ढिगाला बुरशी धरली होती. तो उचलून लांब नेऊन टाकायला गाडी लागली. ती पाण्याच्या कामावरची गाडी होती. त्या दिवशी छावणीच्या एका बाजूला पाणी दुपारनंतर पोहोचलं.

प्रश्न फक्त कपड्यांचा नाही. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ या काळात बाहेरून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधं निरुपयोगी होती, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, तिथल्या कुणाला नाव वाचता येणार नाही अशी. ती नष्ट करायचा भार युद्धात पोळलेल्या लोकांवरच पडला. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांच्या देणग्यांसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांचा गाभा एवढाच, की तिथल्या लोकांनी मागितलेलं द्या आणि औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत निदान एक वर्ष उरलेली असू द्या. ही औषधं पाठवणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता मायेबद्दल. त्याच छावणीत एका बाईला चार पांघरुणं मिळाली होती, कारण चार वेगवेगळ्या गटांना पांघरुणंच द्यावीशी वाटली. तिनं तीन विकली, निम्म्याहून कमी भावात, आणि एक कुलूप घेतलं. तंबूच्या कोपऱ्यात तिची पत्र्याची पेटी होती, पेटीत घराचे कागद होते आणि ती रात्री त्या पेटीवर हात ठेवून झोपत होती. कुलूप आल्यावर ती पहिल्यांदा पाण्याच्या रांगेत निर्धास्त उभी राहिली. आमच्यापैकी कुणाच्याही यादीत कुलूप नव्हतं. आणि मी काय केलं? नोंदवहीत तिच्या नावापुढे 'गैरवापर' असं लिहिलं. बाई, तो शब्द मी नंतर खोडला, पण तो मला अजून दिसतो. तिच्या हातात पैसे दिले असते तर तिला काही विकावं लागलं नसतं आणि माझ्या वहीत तिची बदनामीही झाली नसती.

अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं, की माणसं मेली ती मुख्यतः धान्य नव्हतं म्हणून नव्हे, तर असलेलं धान्य मिळवायची ताकद त्यांच्याकडे उरली नव्हती म्हणून. तेव्हापासून मदतीचा विचारच हळूहळू बदलला. आज बऱ्याच ठिकाणी रोख रक्कम थेट दिली जाते आणि काय घ्यायचं ते घरातलं माणूस ठरवतं. हे सगळीकडे चालत नाही, हेही खरं. बाजारच वाहून गेला असेल, रस्ते बंद असतील, वेढा पडला असेल, तर पैसे चावून पोट भरत नाही. तिथे वस्तूच न्याव्या लागतात, मात्र मागितलेल्या आणि मोजून.

तुमची नऊ गाठोडी वाया गेली असं समजू नका. तुमच्या आसपास, जिथे समोरच्या माणसाला 'यातलं तुम्हाला काय हवं?' असं विचारता येईल, तिथे ती उघडा. त्यानं 'काहीच नको' म्हटलं तरी राग मानू नका.

मी दरमहा एका संस्थेला ठरावीक रक्कम देतो. यंदा तिचा अहवाल वाचला तर पंधरा टक्के 'व्यवस्थापन' या सदरात. माझा पैसा थेट गरजूला जावा असं मला वाटतं. हा खर्च किती टक्के असला म्हणजे संस्था चांगली म्हणावी?
— एक लेखापाल

तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, म्हणून एका हिशेबाचीच गोष्ट सांगते.

१९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून येत होते आणि त्यांच्यात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. रोगी जमिनीवर, एकमेकांना लागून. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं आणि ते लावायला शिकलेले हात थोडे. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ठरवलं, की पाणी तोंडावाटेच पाजायचं. कोलकात्यातल्या त्यांच्या केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत पाकिटं भरली जाऊ लागली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. पाकिटं गाडीनं बनगावला जायची, तिथे ते पाणी पिंपांत कालवलं जायचं आणि रोग्याच्या घरचीच माणसं ते त्याला पाजायची. आधी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जात होतं. या पाण्यावर ठेवलेल्या रोग्यांत ते ३.६ टक्के राहिलं.

आता मला सांगा, यातलं 'थेट गरजूला' किती गेलं? ग्लुकोज, मीठ आणि सोडा. तराजू, तो धरणारा माणूस, पिशवीचं तोंड बंद करणारे हात, गाडी, चालक, आणि कोण आलं, कोण वाचलं, कोण गेलं हे त्या गर्दीत रोज लिहून ठेवणारं माणूस, हे सगळं कोणत्या सदरात टाकाल? ती नोंद नसती तर ३.६ हा आकडाच नसता. १९७३ मध्ये निष्कर्ष छापून आले तेही नोंद होती म्हणून. आज जगभर मुलांना जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी पाजतात, त्यामागे बनगावची ती पानं आहेत.

मीही 'व्यवस्थापन' याच सदरातली. माझा पगार कमी केला असता तर टक्का छान दिसला असता आणि खोकी कुठे गेली हे कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणजे लेखापरीक्षण पाहू नका असं मी म्हणत नाही, जरूर पाहा. पण टक्क्याच्या पुढे जा. ज्यांना मदत मिळाली त्यांना तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे जाते, हे विचारा. गेल्या वर्षी काय फसलं, तेही विचारा. 'आमचं काहीच फसलं नाही' म्हणणाऱ्या संस्थेला मी स्वतः पैसे देत नाही. ज्या संस्थेनं माझ्यासमोर वही उघडून 'इथे आम्ही चुकलो' असं दाखवलं, तिला मी गेली कित्येक वर्षं देत आले आहे.

त्सुनामीच्या वेळी मी पैसे दिले होते. थोड्याच दिवसांत संस्थेचं पत्र आलं, की तिथे पुरेसा निधी जमला आहे, तुमचे पैसे दुसऱ्या ठिकाणी वापरू का? मी ठाम नकार दिला. आज इतक्या वर्षांनी वाटतं, मी चुकले का?
— एक गृहिणी

विश्वासानं दिलेले पैसे त्याच कामी यावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. नकार द्यायचा हक्कही तुमचा होता. पण ते पत्र पाठवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्या लाटांनी दोन लाखांहून जास्त माणसं गेली आणि जगानं ओंजळीनं नाही, घागरींनी दिलं. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेनं तर जानेवारीच्या सुरुवातीलाच जाहीर केलं, की त्सुनामीसाठी आमच्यापुरते पैसे पुरेसे झाले, आता या नावानं देऊ नका. आलेले पैसे इतर संकटांत वापरायची परवानगी त्यांनी देणाऱ्यांकडे मागितली आणि बहुतेकांनी ती दिली. कॅमेरे एका किनाऱ्यावर असतात तेव्हा दुसरीकडची छावणी रिकाम्या गोदामावर दिवस काढत असते. मी दोन्ही प्रकारच्या छावण्यांत राहिले आहे. पुढच्या वेळी देताना 'जिथे लागेल तिथे वापरा' असं लिहून द्या. माझ्यासारख्या गोदाम सांभाळणाऱ्याला त्या ओळीइतका दिलासा कशानंच मिळत नाही.

हाडांचे सापळे झालेल्या मुलांचे फोटो दाखवून पैसे मागतात, ते मला सहन होत नाही. पूर्वी मी लगेच द्यायचो. आता पान उलटतो आणि नंतर स्वतःचीच लाज वाटते. शिवाय लाखो मुलं उपाशी असताना माझ्या चिमूटभर पैशांनी काय होणार आहे?
— एक विद्यार्थी

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. आधी फोटोचा घेते.

१९६८ च्या सुमाराला नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धातल्या उपाशी मुलांची चित्रं जगभर छापली गेली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. तेव्हापासून हा मार्ग रुळला. त्यानं पैसे जमतात, हे नाकारता येणार नाही. पण ज्या मुलाचा फोटो आहे त्याला कुणी विचारलेलं नसतं. ते मूल जगलं, मोठं झालं आणि एके दिवशी त्यानं स्वतःला तसं पाहिलं तर त्याला काय वाटेल? १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून आचारसंहिता केली. तिच्या दहाव्या कलमाचा आशयच असा आहे, की प्रसिद्धी करताना संकटात सापडलेल्यांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवावं, हताश, दयनीय वस्तू म्हणून नव्हे. तेव्हा तू पान उलटतोस यात लाज वाटण्यासारखं काही नाही. संस्थेला चार ओळी लिहून कळव, की असे फोटो नकोत, मी त्याशिवायही देईन. देणाऱ्यांची पत्रं वाचली जातात, हे मी आतून पाहिलेलं आहे.

आता चिमूटभर पैशांचं. अतिकुपोषित मुलांसाठी शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेली एक पेस्ट पाकिटातून येते. पाकीट ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरींचं. शिजवायला नको, पाणी नको, त्यामुळे बहुतेक मुलांवर घरीच उपचार होतात. एका खोक्यात १५० पाकिटं असतात. आणि एका मुलाला बरं व्हायला काही आठवडे लागतात, साधारण एका खोक्याइतकी पाकिटं लागतात. हे मला एका परिचारिकेनं सांगितलं त्या दिवसापासून माझं मोजणं बदललं. हमाल खोकी उतरवायचे आणि मी वहीत रेघा ओढायचे. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मनात मी मुलं मोजत असे.

एकदा वाटपाच्या जागी माणसं कमी पडली म्हणून मला मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी धरायला बसवलं. कागदासारखी पातळ पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये ती गुंडाळायची आणि पट्टीवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा आकडा वाचायचा. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे मूल अतिकुपोषित. एका मुलीच्या दंडाभोवती मी पट्टी ओढली तेव्हा आकडा १०८ होता. दंड माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासाच जाड. ती रडत नव्हती, आणि तेच मला भयंकर वाटलं. आईनं पाकिटाचा कोपरा दातानं फाडला, बोटावर थोडी पेस्ट घेऊन तिच्या ओठाला लावली. बराच वेळ काही नाही. मग जीभ बाहेर आली. पाच आठवड्यांनी मी सामान घेऊन पुन्हा तिथे गेले. तिनं माझ्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि परत मागितल्यावर मोठ्यानं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून तिची आई हसत होती, मीही.

लाखो मुलांचं तुझ्याच्यानं होणार नाही. माझ्याच्यानंही झालं नाही. त्यासाठी सरकारं आहेत आणि त्यांना जाब विचारायचं काम आपलं आहेच. तू दरमहा थोडे बाजूला टाकत गेलास तर एक खोकं केव्हा ना केव्हा भरेलच. ते मी मोजलेल्या खोक्यांसारखंच असेल.

माझी मुलगी तेवीस वर्षांची. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे. आता म्हणते, मदतकार्यात जाणार. बातम्यांत मदत करणाऱ्यांवरच हल्ले झाल्याचं ऐकते आणि झोप उडते. तिला अडवू की जाऊ देऊ?
— एक आई

तुमची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण गेले. तो दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळतात. आणि बातम्यांत फारसं येत नाही ते असं, की मदतकार्यात बळी जाणाऱ्यांत बहुसंख्य माणसं त्याच देशातली असतात. चालक, पहारेकरी, परिचारिका, दुभाषे. बाहेरून आलेल्यांना परतीचं विमान असतं. या स्थानिक माणसांचं घरच तिथे असतं. मी जिथे जिथे काम केलं तिथे मला वाचवलं ते स्थानिक चालकांनी. कोणत्या वळणावर गाडी थांबवायची हे त्यांना कळायचं, मला नाही.

मुलीला अडवू नका, पण घाईही करू देऊ नका. संकटाच्या पहिल्या आठवड्यात नुसत्या कळवळ्यानं धावून येणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना खायला, झोपायला, प्यायला तिथलंच लागतं. संकटकाळातल्या मदतीच्या किमान निकषांप्रमाणे माणशी दिवसाला १५ लिटर पाणी धरतात. तिथे आधीच ते पुरत नसतं आणि त्यात आणखी एक तोंड वाढतं. तिनं काहीतरी घेऊन जावं. आणि वाणिज्य शाखेची पदवी हे फार मोठं काहीतरी आहे! साठ्याचा हिशेब ठेवता येणारं, आकडा न फिरवणारं माणूस मिळावं म्हणून आम्ही महिनोन्‌महिने वाट पाहायचो.

पाठवणाऱ्या संस्थेला तुम्ही स्वतः प्रश्न विचारा. विमा आहे का, प्रशिक्षण किती दिवसांचं, परिस्थिती बिघडली तर तिला कोण आणि कसं बाहेर काढणार, आणि हीच सोय तिथल्या स्थानिक सहकाऱ्यांसाठीही आहे का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरी संस्था शोधा. पहिलं वर्षभर तिनं जवळच्याच एखाद्या संस्थेच्या गोदामात काम केलं तर उत्तमच. तिथे कंटाळा, धूळ आणि न जुळणारे आकडे यांच्याशी तिची ओळख होईल. त्यानंतरही तिला जावंसं वाटलं तर तिची बॅग तुम्हीच भरून द्या. मजबूत बूट, शिट्टी, विजेरी, जाड पुठ्ठ्याची वही आणि भरपूर पेन्सिली. पेन देऊ नका, पावसात शाई पसरते आणि नावं वाचता येत नाहीत.